वैशाखरे ते जुन्नर : नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरील पदभ्रमण

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे शहर यांच्यामध्ये सह्याद्रीचा उभा कडा असून, तो ओलांडणारी नाणेघाटाची पायवाट ही महाराष्ट्रातील अतिप्राचीन व आजही चालता येण्याजोग्या व्यापारी मार्गांपैकी एक आहे. कोकणाच्या सखल पट्टीतून कडा चढून दख्खनच्या पठारावर नेणाऱ्या अशा वाटेला घाटवाट म्हणतात आणि चढ जिथे संपतो त्या पठाराच्या कडेला घाटमाथा असे नाव आहे. बहुतेक पदभ्रमणकार वैशाखऱ्याहून चढून घाटमाथ्यावरील लेणे पाहतात आणि त्याच वाटेने खाली उतरतात. परंतु हा घाट ज्या कारणासाठी खोदला, फरसबंद केला आणि राखला गेला, ते कारण घाटमाथ्यावर नसून त्यापुढे सुमारे ३० ते ३५ किलोमीटरांवर, कुकडी नदीच्या काठी वसलेल्या जुन्नरच्या बाजारपेठेत होते. म्हणून वाट गावापासून शहरापर्यंत सलग चालावी, अशी शिफारस प्रस्तुत लेखात केली असून तिला धरूनच टप्पे, ऋतू, पाणी, मुक्काम आणि सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शन केले आहे.

वाटेचे स्वरूप

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सोपारा आणि कल्याण ही कोकण किनाऱ्यावरील प्रमुख बंदरे होती, तर प्रतिष्ठान म्हणजे पैठण आणि तगर म्हणजे तेर ही पठारावरील मोठी नगरे होती. या चारही स्थळांचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आढळतो. किनारा आणि ही नगरे यांच्या दरम्यान जुन्नर हे घाट चढून आल्यानंतरचे पहिले मोठे ठाणे होते. घाटातील वाट पायऱ्यांची आणि अरुंद असल्याने तेथे गाडी चालणे शक्य नव्हते. माल माणसांच्या डोक्यावरून किंवा जनावरांच्या पाठीवरून वाहिला जाई, आणि त्यामुळे पाण्याची टाकी, विसाव्याच्या जागा व चढाची विभागणी ही सर्व ओझे घेऊन चालणाऱ्याच्या सोयीने झालेली दिसते. पाठीवर पिशवी घेऊन चालणाऱ्या आजच्या पदयात्रीलाही हीच विभागणी उपयोगी पडते.

वाट तीन टप्प्यांत विभागावी. पहिला टप्पा वैशाखऱ्याहून घाटमाथा गाठून घाटघर या गावापर्यंतचा, दुसरा घाटघरपासून चावंडपर्यंतचा आणि तिसरा चावंडपासून जुन्नरपर्यंतचा होय. पहिल्या टप्प्यात अंतर कमी आणि चढ जास्त आहे, तर पुढील दोन टप्प्यांत चढउतार सौम्य असून अंतर अधिक आहे. रोज १५ किलोमीटरांपेक्षा अधिक चालण्याचा सराव असलेल्यांनी दुसरा आणि तिसरा टप्पा एकाच दिवसात उरकण्यास हरकत नाही. मात्र वाटेतील किल्ला, मंदिर आणि लेणी पाहायची असल्यास तीन दिवस राखून ठेवणे इष्ट ठरते.

ऋतू आणि दिवसाची वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ संपूर्ण वाट चालण्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. पावसाळा ओसरत असताना, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, ओढे वाहते असतात आणि पठारावर रानफुले असतात. पण या दिवसांत दुपारनंतर विजांसह पाऊस येण्याची शक्यता राहते, म्हणून उघड्या पठारावरील चाल दुपारपूर्वी संपवावी. जून ते सप्टेंबर या काळात घाटाच्या वरच्या भागातील फरसबंद वाट हीच पाण्याची वाट बनते, दगडांवर शेवाळ धरते आणि सुट्टीच्या दिवशी अरुंद जागी गर्दी साचते. पावसाळ्यात धोकादायक स्थळी जाण्यास जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाई करते, त्यामुळे निघण्यापूर्वी अशा आदेशांची चौकशी करणे आवश्यक आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत टाक्यांतील पाणी खालावते व ओढे कोरडे पडतात, म्हणून या दिवसांत अननुभवी व्यक्तींनी किंवा लहान मुलांना घेऊन ही वाट चालू नये.

वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे चालावी, यामागे केवळ परंपरेचा आदर नाही. सह्याद्रीचा कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य कड्याच्या पाठीमागे राहतो आणि चढाची वाट बराच वेळ सावलीत असते. तीच वाट दुपारनंतर थेट उन्हात येते. म्हणून वैशाखऱ्याहून सकाळी सहा ते सात या वेळेत चालण्यास आरंभ केल्यास कष्टाचा सर्व भाग ऊन चढण्यापूर्वी आटोपतो. पुढील दोन दिवस मात्र सकाळचे ऊन समोरून येते, यासाठी पुढे झाकण असलेली टोपी आणि लवकर आरंभ या दोन गोष्टी पाळाव्यात.

पहिला टप्पा : वैशाखरे ते घाटघर

वैशाखरे हे कल्याणहून मुरबाड व टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. कल्याणहून या मार्गाने जाणाऱ्या एसटी गाड्यांनी येथे उतरता येते, मात्र पहाटे चढ सुरू करायचा असल्यास आदल्या रात्री गावात किंवा मुरबाडला मुक्काम करावा लागतो. पायवाटेचा आरंभ गावाच्या पुढे थोड्या अंतरावर महामार्गापासूनच होतो. सुरुवातीचा भाग झाडीतून, ओढ्यांना छेदत, जवळजवळ सपाटीवरून जातो आणि याच भागात गुराख्यांच्या व लाकूडफाट्याच्या अनेक उपवाटा फुटत असल्यामुळे चुकण्याचा संभव सर्वाधिक असतो. समोर आकाशात उठलेला नानाचा अंगठा हा सुळकेवजा कडा नजरेसमोर ठेवावा. घाटाची खिंड त्याच्या लगत आहे. जी उपवाट कड्यापासून दूर जाते किंवा ओढ्याच्या पात्रात शिरून संपते, ती सोडून शेवटच्या स्पष्ट खुणेपर्यंत परत यावे.

सुमारे ६०० मीटरांची ही चढाई एकसारखी नाही. दख्खनचे पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या आडव्या थरांनी बनले असून, कठीण थरांचे उभे कडे आणि त्यांच्यामधील मऊ थरांचे उतार आलटून पालटून येतात. त्यामुळे वाटेवरही दमछाक करणारा चढ आणि त्यानंतर थोडी सपाटी असा क्रम राहतो. चढाच्या मध्यावर न थांबता प्रत्येक सपाटीवर दोन ते तीन मिनिटांचा विसावा घेतल्यास श्वास टिकतो आणि पाय थंड पडत नाहीत. साधारण शारीरिक क्षमतेच्या व्यक्तीस लेण्यापर्यंत पोहोचण्यास तीन ते चार तास लागतात. वरच्या भागात दगडी पायऱ्या आणि फरसबंदी लागते. शतकानुशतकांच्या वापराने हे दगड गुळगुळीत झाले असल्याने कोरड्या ऋतूतही पाऊल दगडाच्या सपाट भागावर पूर्ण टेकवूनच भार द्यावा.

लेण्याजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. टाके म्हणजे पावसाचे व पाझराचे पाणी साठवण्यासाठी कातळात खोदलेला हौद. जुन्नर परिसरातील प्राचीन लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. टाक्यातील पाणी गाळून व उकळून, अथवा क्लोरिनच्या गोळ्या टाकून व गोळीच्या वेष्टनावर सांगितलेली वेळ थांबूनच प्यावे. या पाण्यात भांडी घासणे, हातपाय धुणे किंवा पोहणे पूर्णपणे टाळावे, कारण उन्हाळ्यात जनावरांना आणि वाटसरूंना याच साठ्याचा आधार असतो.

लेणे कसे पाहावे

घाटाच्या माथ्याजवळील मोठे लेणे हे भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेल्या विहारांहून वेगळे आहे. चौकोनी दालन, तीन बाजूंनी कोरलेली बाके आणि वाटेलगतचे स्थान पाहता ते प्रवाशांच्या विसाव्यासाठी तसेच राजघराण्याच्या स्मारकासाठी खोदले असावे, असे मानले जाते. डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला दीर्घ लेख आहे. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी त्याचा अभ्यास केला, आणि सातवाहन घराण्याच्या आरंभीच्या इतिहासाचे ते एक मूलभूत साधन ठरले. हा लेख सातवाहन राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो. त्यात आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि यम, वरुण, कुबेर व वासव या चार लोकपालांना वंदन केले असून पुढे अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांना दिलेल्या दानाची, नोंद आहे. अग्न्याधेय यज्ञाची दक्षिणा १२ गाई व १ घोडा, तर दुसऱ्या एका ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती असे आकडे तेथे अंकचिन्हांत कोरलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे, ते याच चिन्हांमुळे.

मागील भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज केवळ पावलांचे अवशेष उरले असले, तरी वरची नावे वाचता येतात. त्यांत सिमुक सातवाहन, नागनिका व सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी यांची नावे आहेत. महारठी ही त्या काळातील मोठ्या सरदाराची पदवी होय. अक्षरे पाहण्यासाठी विजेरीचा झोत भिंतीवर समोरून न टाकता बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे कोरीव खोलीत सावली पडून अक्षर उठून दिसते. अक्षरांत खडू भरणे, त्यांवर पाणी ओतणे, कागद ठेवून घासणे किंवा लेण्यात चूल पेटवणे यांमुळे झिजलेल्या दगडाची कायमची हानी होते, म्हणून असे करणाऱ्यांना सोबतच्यांनीच रोखावे.

लेण्यापुढील खिंड संपताच पठारावर एक मोठा दगडी रांजण दिसतो. जकात, म्हणजे मालावरील कर, गोळा करून त्यात टाकत असत अशी परंपरागत समजूत आहे. या समजुतीला लिखित पुरावा नसला, तरी संपूर्ण घाटात सर्वाधिक अरुंद असलेल्या या खिंडीच्या तोंडाशी मालाची मोजदाद करणे सर्वांत सोपे गेले असेल, हे खिंडीतून चालताना सहज पटते.

घाटमाथा आणि घाटघर

नानाच्या अंगठ्यावरून कोकणाचे विस्तृत दर्शन होते, परंतु कड्याला कठडे नाहीत. पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने उलटे उडते, आणि तो देखावा पाहण्यासाठीच लोक धारेजवळ जातात. पाणी वर उचलणारा तोच वारा माणसाचाही तोल घालवू शकतो, ही गोष्ट लक्षात घेऊन कडेपासून किमान तीन ते चार मीटर अंतर ठेवावे आणि छायाचित्रासाठी कड्याकडे पाठ करून मागे सरकू नये.

घाटमाथ्यापासून घाटघर गावापर्यंतची चाल सौम्य आहे. या पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून पावसाळी भातशेती आणि हिरड्याचे संकलन हे येथील उपजीविकेचे मुख्य आधार आहेत. हिरडा हे औषधासाठी व कातडी कमावण्यासाठी वापरले जाणारे फळ असून त्याची झाडे खासगी जमिनीतही असतात, म्हणून वाटेवरील फळे तोडू नयेत आणि भाताच्या खाचरांतून न जाता बांधावरून चालावे. गावात मुक्काम व जेवण यांची व्यवस्था घरगुती स्वरूपात होऊ शकते. मात्र किमान एक दिवस आधी संख्या कळवावी, कारण ऐनवेळी आलेल्या दहा माणसांचे जेवण करणे कोणत्याही घराला जड जाते.

घाटघरजवळील जीवधन हा किल्ला घाटाच्या रक्षणासाठी उभारलेल्या साखळीतील पहिला होय. चावंड, हडसर आणि शिवनेरी हे या साखळीतील इतर किल्ले आहेत. जीवधनाला कल्याण दरवाजा आणि जुन्नर दरवाजा अशी दोन प्रवेशद्वारे असून, किल्ल्याच्या दारांनाच वाटेच्या दोन टोकांची नावे मिळावीत यावरून त्याचे प्रयोजन स्पष्ट होते. किल्ल्यावरील काही जागी उभा कातळ चढावा लागत असल्याने स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. शेजारचा वानरलिंगी हा सुळका दोर व प्रस्तरारोहणाचे प्रशिक्षण असलेल्यांसाठीच आहे.

दुसरा टप्पा : घाटघर ते चावंड

घाटघरपासून पुढे डांबरी रस्ता उपलब्ध आहे आणि पायी मार्ग बहुतांश त्याला धरून, काही ठिकाणी शेतवाटांनी जातो. शेतवाट घ्यावयाची झाल्यास ती पुढे कोठे निघते हे गावातच विचारून घ्यावे, कारण पावसाळ्यानंतर कुंपणे आणि चर बदलतात. रस्त्याने चालताना उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, एकामागे एक चालावे.

या टप्प्यात पूर गावाजवळील कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर पाहण्यासारखे आहे. मंदिर शिलाहारकालीन मानले जाते आणि त्याच्या परिसरातच कुकडी नदीचा उगम असल्याची श्रद्धा आहे. ज्या नदीकाठी जुन्नर वसले, ती नदी येथून पुढे वाटेची सोबत करते. चावंड किल्ल्यावर सात टाक्यांचा समूह असून तो सप्तमातृकांशी जोडला जातो. शिवकाळात या किल्ल्याचे नाव प्रसन्नगड असे ठेवण्यात आले होते, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर त्याच्या कातळातील पायऱ्या सुरुंगाने उद्ध्वस्त केल्या. आता तेथे आधारासाठी कठडे बसवलेले असले, तरी पाऊस पडत असताना तो चढ टाळावा. किल्ला चढून उतरण्यास अडीच ते तीन तास राखून ठेवावेत.

तिसरा टप्पा : चावंड ते जुन्नर

चावंडपासून जुन्नर सुमारे १५ किलोमीटर असून वाट आपटाळे गावावरून जाते. या अंतरात पर्जन्यमान झपाट्याने घटत जाते, आणि माणिकडोह धरणाचे पाणी मिळू लागल्यामुळे भात व हिरडा यांच्या जागी ऊस, भाजीपाला आणि द्राक्षे दिसू लागतात. एका दिवसाच्या चालीत घडणारा हा बदल मोटारीतून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. डोंगरी प्रदेशाचा माल आणि सपाट प्रदेशाचा माल यांची देवाणघेवाण करणारी पेठ या दोन्हींच्या सीमेवरच का वसली, याचे उत्तर मात्र त्यातच आहे.

उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असतो. दाट ऊस बिबट्याला लपण्यास व पिले वाढवण्यास सोयीचा ठरतो. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी वन विभागाचे निवारा केंद्रही आहे. दिवसा धोका अल्प असला, तरी सूर्यास्तापूर्वी चाल संपेल अशा बेताने निघावे, मुलांना गटाच्या मध्ये ठेवावे, उसाच्या कडेला एकट्याने शौचास बसू नये, आणि बिबट्या दिसल्यास न पळता, पाठ न फिरवता, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे.

जुन्नरमध्ये काय पाहावे

जुन्नरच्या सभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. घाटातून आलेल्या व्यापाराने कोणती माणसे समृद्ध केली, हे येथील दानलेखांवरून कळते. त्यांत यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या व्यक्तींची, दाने आहेत; धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, दिलेले लेणे व पाण्याचे टाके आहे; बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. मानमोडीच्या एका लेखात नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये टाके आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटातील लेखात राजघराण्याचे दान आहे, तर येथे प्रामुख्याने बाजारपेठेचे; दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्यावर वाटेच्या दोन टोकांचे नाते स्पष्ट होते. शिवनेरी हे १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झालेले स्थान असल्याने आणि लेण्याद्रीवर अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती असल्याने या दोन ठिकाणी गर्दी राहते. मानमोडी आणि तुळजा येथील लेणी तुलनेने शांतपणे पाहता येतात.

सामग्री आणि सुरक्षितता

पहिल्या टप्प्यासाठी माणशी किमान तीन लिटर पाणी, घट्ट पकड देणाऱ्या तळव्याचे व आधीच वापरून पायाला रुळलेले बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, विजेरी, शिटी, मीठ-साखरेची पुडी, मलमपट्टीचे साहित्य आणि मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला नकाशा इतके पुरेसे आहे. घाटात मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून निघण्याची व पोहोचण्याची वेळ गावात आणि घरी सांगून ठेवावी. कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात. धूर, मोठा आवाज आणि उग्र अत्तर यांनी माश्या चवताळतात. फुरसे आणि घोणस हे विषारी साप या प्रदेशात आढळतात. दंश झाल्यास जखम कापू किंवा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव हलणार नाही असा बांधून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मुरबाड अथवा जुन्नर यांपैकी जवळच्या रुग्णालयात न्यावे.

परतीचा प्रवास जुन्नर बसस्थानकावरून कल्याण, नारायणगाव व पुणे या दिशांना करता येतो, त्यामुळे वाहन वैशाखऱ्याला ठेवून चालण्याची गरज नाही. वेळ कमी असल्यास दुसरा किंवा तिसरा टप्पा घाटघरहून अथवा चावंडहून एसटीने पार करावा, किल्ल्यांपैकी एक वगळावा, परंतु घाटमाथ्यावरून उलट फिरू नये. लेण्यापर्यंतची अवघड चढाई करून जुन्नर न पाहणाऱ्याच्या हाती वाटेचा खर्च येतो, तिचा हेतू मात्र येत नाही. दोनच दिवस उपलब्ध असतील, तर पहिला दिवस घाट आणि घाटघर यांना, आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ एसटीच्या प्रवासाला देऊन दुपार मानमोडीच्या लेखांसाठी राखावी.